पाणी सुटले आहे, दवाखाना बंद

पंखा बंद पडला की खूश होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चैत्र-वैशाखातली दुपार असायची. वरच्या पत्र्याच्या खोलीत मी घामानं निथळत शाळेचे पेपर तपासत बसलेली असायची, आणि डोक्यावरचा पंखा दोन गचके देऊन थांबला की खालच्या दवाखान्यातून टाळी ऐकू यायची. एकच, पण दणदणीत. पाठोपाठ डॉक्टरांचा आवाज, "गेली! लाइट गेली! पाणी सुटलं!"

यातली मेख अशी, की त्यांचं घर, ज्यात खाली दवाखाना होता आणि वर मी भाड्यानं राहायची, ते गावात नव्हतं. ते नदीकाठच्या मळ्यात होतं आणि घराला वीज शेतीच्या लाइनवरची होती. आमची नदी म्हणजे काही सायखेड्याची गंगा, म्हणजे गोदावरी, नव्हे. गंगेला जाऊन मिळणारी बारकी नदी, उन्हाळ्यात नुसते दगड दाखवणारी. तेव्हा तिला पाणी यायचं ते वरच्या धरणातून सोडतील तेव्हा, सोडतील तेवढं, आणि तेही आमच्यासाठी नव्हे, खालच्या गावांना प्यायला. वाटेत शेतकऱ्यांनी मोटारी लावून ते उपसू नये म्हणून काठावरची लाइन आधी बंद करायचे. या पाणी सोडण्याला आमच्याकडं आवर्तन म्हणतात. आवर्तनाची बातमी आली की द्राक्षबागवाले कपाळाला हात लावायचे, बाया हंडे-कळश्या भरून ठेवायच्या, आणि डॉक्टर दवाखान्याच्या दाराला पाटी अडकवायचे, 'पाणी सुटले आहे. दवाखाना बंद.'

डॉक्टर होमिओपॅथीचे होते. त्यांच्या पेशंटांना घाई नसायची, आणि ज्यांना असायची ते निफाडला जायचे. पाटी बघून कुणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. "दाजी गेले व्हय नदीला?" एवढं म्हणून लोक परत फिरायचे. सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं, कारण हे गाव त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर. डॉक्टर मूळचे नाशिकचे. काकूंचा एकुलता एक भाऊ गेला, मागं म्हातारे सासरे एकटे पडले, म्हणून हे शहरातला दवाखाना मोडून बायकोच्या गावी येऊन राहिले. घरजावई म्हणवून घ्यायला माणसं लाजतात. डॉक्टर मात्र नवीन माणसाशी ओळख करून देताना स्वतःच सांगायचे, "मी इथला जावई. अख्ख्या गावचा."

ते गेल्याला आता दोन पावसाळे झाले. मी नाशिकला बदलून आले, तिसऱ्या मजल्यावर राहते. अजूनही उन्हाळ्यात पंखा थांबला की माझे कान टाळीसाठी उभे राहतात. मग मी उठते, पाणी पिते आणि कामाला लागते.

पाणी सुटलं की डॉक्टर नदीत नाव घालायचे. त्या नावेबद्दल सांगते. कुठल्याशा धरणावरचा बोट क्लब बंद पडला, तिथून त्यांनी ती आणली होती. फायबरची, लांबोडकी, दोन माणसांची, केशरी रंगाची. ऊन खाऊन केशरीचा गाजरी झालेला. एरवी ती अंगणात चिंचेखाली पालथी पडलेली असायची आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. आवर्तन सुटलं की डॉक्टर ती सुलटी करून पुसायचे, अंडी काकूंना नेऊन द्यायचे आणि मग स्वतःचा पोशाख चढवायचे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, वर लाइफ जॅकेट, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. काच वर केलेली. अशा थाटात हा किडकिडीत, साठी उलटलेला माणूस उजाडता-उजाडता घाटावर उभा राहून पाण्याची वाट बघायचा. पाणी वरून यायला रात्र जायची. आधी दगडांमधून एक मळकट जीभ पुढं यायची, तिच्यावर काटक्या, पाला, प्लॅस्टिक. डॉक्टर तिला वाट द्यायचे. "पहिलं पाणी नदीचं तोंड धुवायला असतं," म्हणायचे. "आपण दुसऱ्या पाण्यात उतरायचं."

नाव वल्हवायला ते फोनवर बघून शिकले होते. आणि शिकल्यावर त्यांना शिकवायचा नाद लागला. घाटापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंतचा टप्पा, दीड-दोन कोस असेल. कोण यायचं विचाराल तर कुणीही. शाळेतल्या बाई, नाशिकहून रविवारचे मोटारसायकलवर आलेली पोरं-पोरी, द्राक्षाच्या कामाला आलेली पेठकडची माणसं, आणि एकदा तर किराणावाल्याची सासू. पैसे घ्यायचे नाहीत. नाव विचारायचे, आडनाव विचारायचे नाहीत. कुणी आपणहून सांगायला लागलं तर हात वर करायचे, "नावेत दोनच जागा आहेत. आडनाव काठावर ठेवा, येताना घेऊन जा." माणूस काय करतो, कुठं नोकरीला आहे, हेही नाही. ही त्यांची मोठी हौस होती, आणि मला तेव्हा फार आवडायची.

मी बसायचं ठरवलं त्या आठवड्यात सटाण्याहून आईचा फोन आला. "तुले पव्हता येस का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "उत्तम. पोहता येणारे लोक फार आगाऊपणा करतात." कंबरेएवढं पाणी, ना भोवरा ना धबधबा. "नवशिक्यासाठीच देवानं केलीय ही नदी," ते म्हणायचे. "फक्त पाणी द्यायचं तेवढं विसरला."

पुढं मी, मागं ते. वल्हं डावीकडं मारलं की नाव उजवीकडं वळते, ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणालाच पटत नाही. मलाही पटली नाही आणि आम्ही दोनदा करंजाच्या फांद्यांत घुसलो. पण एकदा जमल्यावर काय सांगू. ज्या गावात मी दोन वर्षं राहत होते ते गाव मी पाहिलंच नव्हतं असं वाटलं. दोन्हीकडून करंज आणि वाळुंज वाकलेले, मधून हिरवा अंधार. पाण्यानं कोरून रांजण केलेला काळा पाषाण. खंड्या पक्षी एका फांदीवरून पुढच्या फांदीवर, जणू तोच आम्हाला वाट दाखवतोय. वर काठावर द्राक्षांचे मांडव दिसत असतील म्हणून मी मान वळवली, तर मागून आवाज, "नजर समोर! काठाकडं बघायचं नाही. तोल जातो."

हा त्यांचा कडक नियम होता. बाकी सगळं चालायचं. गाणं म्हणा, वल्हं सोडून द्या, पाय पाण्यात सोडा. काठाकडं बघितलेलं मात्र चालायचं नाही. घरी परतल्यावर मी काकूंना कौतुकानं हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तोलाबिलाचं काही नाही गं. काठाला इंजनं लपवलेली असतात सगळ्यांची. बाभळीच्या फांद्या टाकून. लाइट नसली तरी डिझेलवर पाणी ओढतात. रस्त्यावरून नाही दिसत, नदीतून दिसतं. आप्पानं ह्यांच्याकडून शब्द घेतलाय, दाजी, तुम्ही खुशाल फिरा, पण तुम्हीबी बघायचं नाय आन् तुमच्या पाव्हण्यांनीबी."

आप्पा म्हणजे काकूंचा चुलतभाऊ. गावातली मोठी द्राक्षबाग त्याची. मी विचारलं, "पण हे पाणी तर खालच्यांचं पिण्याचं ना?" काकू म्हणाल्या, "बागा काय हवेवर जगतात?" आणि मेथीची जुडी उचलून आत गेल्या.

काकूंची आणि नदीची गोष्ट मला कळायला वर्ष लागलं, कारण त्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की लाइट गेली की डॉक्टर टाळी वाजवतात आणि काकू उठून नदीकडची खिडकी लावून घेतात. त्या उकाड्यात, पंखा नसताना. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. पाणी वाहत असेपर्यंत, दोन दिवस म्हणा, तीन म्हणा, ती खिडकी उघडायची नाही. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या नदीवर गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. धुणंसुद्धा विहिरीवर.

त्यांचा भाऊ या पाण्यात गेला होता. खूप वर्षांपूर्वी, असंच आवर्तन सुटलं, निरोप उशिरा आला. मोटारी काढून घ्या म्हणाले. हा पात्रात उतरला. मोटारीचा फुटव्हॉल, पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, चिखलात रुतलेला, तो हातानं मोकळा करत होता. काठावर पाच जण दोरी धरून उभे. पाणी आलं तेव्हा दोरी मोटारीला बांधलेली होती. त्यांनी जोर लावून ओढली आणि मोटार वर आली.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्यात, औषधाच्या बाटल्या पुसता-पुसता. सांगून झाल्यावर ते माझ्याकडं वळले आणि एकदम उत्साहानं म्हणाले, "तिच्या मनात भीती बसलीय. पक्की. आणि भीतीवर औषध काय? ज्यानं रोग झाला तेच, पण थोडं. आमच्या शास्त्राचा पायाच तो आहे. आता बघा, धरणातून पाणी सोडतात ते किती? जेवढ्यास तेवढं. कंबरेएवढं. म्हणजे डोसच झाला की नाही? तिला एकदा, फक्त एकदा, या पाण्यावर नेऊन आणली, की ती खिडकी उघडी राहील. मी लिहून देतो."

मग माझ्या लक्षात आलं. नाव, हेल्मेट, फोनवर बघून शिकणं, किराणावाल्याची सासू, हा सगळा खटाटोप एका बाईसाठी होता. बाकीचे आम्ही नुसते सरावाचे. दर आवर्तनाला डॉक्टर ओट्यावर एक निळं, नवंकोरं, लहान मापाचं लाइफ जॅकेट काढून ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. संध्याकाळी काकू ते उचलून खुंटीला अडकवून ठेवायच्या. त्याही बोलायच्या नाहीत. एकदाच माझ्यासमोर डॉक्टरांनी डोसाचा विषय काढला, तर काकू पोळी लाटायच्या थांबल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "माझ्या भावाला आख्खी बाटली पाजली होती. तुमचा डोस ठेवा तुमच्याकडं."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. पण ते खरंच आशावादी होते. मला म्हणाले, "बोलली ना? हे चांगलं लक्षण आहे."

एका उन्हाळ्यात रविवारी एक माणूस आला. चाळिशीचा, शांत, डोक्यावर टोपी. नवशिका होता पण हात चांगला. मी घाटावर होते, मुलांच्या सहलीचं काहीतरी ठरवायला गेले होते. डॉक्टरांनी त्याला नियम सांगितले, आडनाव काठावर ठेवायला लावलं, नजर समोर ठेवायला सांगितलं. तो "हो हो" म्हणत गोड हसला. परत आल्यावर त्यानं डॉक्टरांचा हात हातात घेऊन सांगितलं की इतकी सुंदर नदी त्यानं आपल्या भागात पाहिली नव्हती. डॉक्टर दिवसभर तरंगत होते.

त्याच आठवड्यात गावात गाड्या आल्या. पाटबंधाऱ्याचे लोक, सोबत पोलीस. इकडं-तिकडं शोधाशोध नाही, विचारपूस नाही. सरळ बाभळीच्या फांद्या बाजूला केल्या आणि इंजनं उचलून टेम्पोत घातली. काळे पाइप कुऱ्हाडीनं तोडले. बागांची नुकतीच छाटणी झालेली, नवी फूट पाण्यासाठी आ वासून बसलेली, आणि गावातली माणसं रस्त्यावर मुकाट उभी. आप्पाची दोन इंजनं गेली. त्याची बायको पदर तोंडात धरून रडत होती.

जीपपाशी कागदावर सह्या घेत उभा होता तो रविवारचा माणूस. साहेब होता. त्या दिवशी त्याला कुणी ओळखलंही नसतं. टोपी नव्हती आणि गावानं त्याला नावेत पाहिलं नव्हतं. पण डॉक्टर दवाखान्यातून आले, गर्दीतून वाट काढत पुढं झाले, चेहरा उजळला, आणि अख्ख्या गावासमोर त्याचा हात धरून हलवत म्हणाले, "अहो, तुम्ही! काय, त्या दिवशी वल्हवून खांदे दुखले नाहीत ना?"

मी त्यांचा शर्ट मागून ओढला. उशीर झाला होता. साहेब कसनुसं हसला आणि सगळ्यांना कळलं. डॉक्टरांना मात्र कळलं नाही. ते घरी आले आणि काकूंना म्हणाले, "बघ, मोठा अधिकारी असून माझ्या नावेत कसा साधा बसला होता." काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही त्याला विचारलं नाही कोण आहे म्हणून?" डॉक्टर म्हणाले, "नावेत मी विचारत नाही, तुला माहीत आहे." काकूंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "आधी भाऊ गेला. आता माहेर गेलं."

तसंच झालं. आप्पा संध्याकाळी आला, ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच बोलला. "दाजी हायेत तुम्ही, म्हणून हात लावत नाय. पण आजपासून घाटावरून नाव उतरायची नाय. गावानं ठरवलंय. आन् बाकीचं तुमचं तुम्ही समजून घ्या." बाकीचं म्हणजे काय ते लवकरच समजलं. दवाखान्यात कुणी फिरकेना. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. लग्नाची पत्रिका आली नाही, वरात मात्र घरासमोरून गेली. काकू दारात उभ्या होत्या. लहानपणी ज्यांच्या घरात त्या जेवल्या-वाढल्या त्या बाया मान वळवून पुढं गेल्या. मी गावकीला दोष देत नाही. बागा त्यांच्या वाळत होत्या. पण त्या संध्याकाळी काकूंनी दार लावून घेतलं त्याचा आवाज मला आवडला नाही.

डॉक्टर बदलले. नाव चिंचेखाली पालथी पडली ती पडलीच. ते मोकळ्या दवाखान्यात टेबलावर हात ठेवून बसायचे. मला म्हणायचे, "मी तर कुणाचं वाईट केलं नाही ना, बाई?" मी नाही म्हणायची. ते खरंही होतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. पुढच्या आवर्तनाला लाइट गेली. मी वर कान देऊन बसले होते. टाळी वाजली नाही.

त्या उन्हाळ्याचं शेवटचं आवर्तन जेमतेम होतं. धरणातच पाणी उरलं नव्हतं म्हणे. पंखा थांबला, डॉक्टर खुर्चीतून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता मी खाली आले तर काकू अंगणात. पदर खोचलेला, पायात डॉक्टरांची रबरी चप्पल. नाव त्यांनी एकटीनं सुलटी केली होती आणि केरसुणीनं आतली घाण झाडत होत्या.

"उठा," त्या दारातून म्हणाल्या. "पाणी आलंय. मला बसायचंय."

डॉक्टर ओट्यावर आले. त्यांनी नावेकडं बघितलं, काकूंकडं बघितलं. मग म्हणाले, "अगं, पण आप्पा..."

"आप्पाचं मी बघते. तुम्ही नाव उचला."

एक टोक डॉक्टरांनी धरलं, एक मी. काकू पुढं. घाटावर आप्पा आणि आणखी चौघं जण आधीच उभे होते. कुणीतरी सांगितलं असणार. आप्पा पुढं आला.

"आक्का, तू कशाला आली हितं?"

"बसायला."

"दाजींना सांगितलंय आम्ही. गावानं ठरवलंय."

आप्पाचे शब्द सांगताना सोडलं, तर मी काकूंना गावच्या बोलीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. आवाज चढवला नाही. "गावानं त्या दिशी काय ठरवलं व्हतं, आप्पा? तू व्हता की दोरीला. मोटार वर काढली तुम्ही. माझा भाऊ खालीच व्हता." मग नावेकडं हात करून म्हणाल्या, "आज मी उतरती. तेव्हा काठावर उभे व्हते ना, आजबी उभे ऱ्हा."

आप्पानं खाली बघितलं. तो बाजूला झाला, मग बाकीचेही झाले. आम्ही नाव पाण्यात ठेवली. काकूंनी जॅकेट घातलं नाही आणि डॉक्टरांनी आग्रह केला नाही. त्यांचं हेल्मेट घरीच विसरलं होतं. काकू पुढच्या जागेवर बसल्या, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

मी काठाकाठानं चालत होते. डॉक्टर इतकं हळू वल्हवत होते की वल्ह्याचा आवाजही येत नव्हता. ते मागून सांगत होते, "बघ, करंज. डोळे उघड ना. बघ, खंड्या." काकू उघडत नव्हत्या. पण डॉक्टरांच्या तोंडावर जे होतं ते मी विसरणार नाही. लहान मूल देव्हाऱ्यासमोर उभं राहतं तसं काहीतरी होतं ते. एवढ्या वर्षांनी त्यांना हवं ते मिळालं होतं, आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी मूर्ख होते.

रांजणांच्या पाषाणापाशी मला दगडांवर ओली रेघ दिसली. पाणी त्या रेघेच्या खाली गेलं होतं. वरून बंद केलं असणार. बघता-बघता धार बारीक झाली. नाव गोट्यांना घासली, पुढं सरकली, पुन्हा घासली आणि थांबली. काकूंनी डोळे उघडले. नावेभोवती घोट्याएवढं पाणी होतं.

डॉक्टर उतरले. "संपलं गं पाणी. चल, उतर. पुढच्या आवर्तनाला येऊ. आता तू बसलीस ना, आता काय."

"बंधाऱ्यापर्यंत न्या."

"अगं, पाणी नाही."

"ओढत न्या. तो सापडला तिथपर्यंत न्या मला."

डॉक्टरांनी नावेची दोरी कंबरेला बांधली आणि ते ओढायला लागले. मीही चपला हातात घेऊन पात्रात उतरले आणि मागून ढकलू लागले. कधी पाणी, कधी चिखल, कधी नुसते दगड. वर काठावर माणसं होती, बागांच्या कडेनं आमच्याबरोबर चालत होती. कुणी खाली आलं नाही. डॉक्टर दोनदा पडले. काकू नावेत ताठ बसून होत्या, आणि आता त्या डोळे उघडे ठेवून दोन्ही काठ बघत होत्या, एकेक झाड, एकेक पायवाट, जणू ओळख पटवत होत्या.

बंधाऱ्यापाशी डबकं साचलं होतं, तिथं नाव पुन्हा तरंगली. डॉक्टर धापा टाकत उभे राहिले. काकूंनी विचारलं, "कुठं?"

डॉक्टरांनी बंधाऱ्याच्या दोन खांबांमधला एक गाळा दाखवला. त्यांना ठाऊक होतं. त्या वेळी ओळख पटवायला तेच आले होते आणि काकूंना कुणी येऊ दिलं नव्हतं. काकू त्या गाळ्याकडं बघत राहिल्या. रडल्या नाहीत. हात जोडले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. ऊन वर आलं, पाण्यावर पाणकिडे पळत होते, बाकी काही हलत नव्हतं.

डॉक्टर जवळ गेले. अगदी पेशंटला विचारावं तसं हळू आवाजात विचारलं, "गेली का भीती?"

"भीती कुणाला होती?" काकू म्हणाल्या. "मला भीती कधीच नव्हती. राग होता."

"नदीचा?"

"नदीला काय कळतंय. तुमचा."

डॉक्टर ओले हात तसेच लोंबत ठेवून उभे होते. काकू त्यांच्याकडं न बघता बोलत होत्या. "ज्या पाण्यात तो गेला, त्या पाण्याची तुम्ही वाट बघायचात. ते सुटलं की टाळी वाजवायचात. लोकांना त्याच्यावरून हसवत फिरवून आणायचात. मी आत पडून ऐकायची. दरवेळी ऐकायची."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर बोलले नाही."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण नाव माझ्या हातात होती. एवढी वर्षं हा माणूस भलत्याच रोगावर औषध देत होता, आणि पेशंट ते मुकाट्यानं घेत होता. डॉक्टरांनी कंबरेची दोरी सोडली. शेवटी म्हणाले, "निदानच चुकलं माझं." मग आजूबाजूला बघितलं. "काठ इथं सोपा आहे. उतरतेस? बाई आणतील चालत रस्त्यानं."

"नको," काकू म्हणाल्या. "न्या अशीच घरी."

डॉक्टरांनी दोरी पुन्हा कंबरेला बांधली. परतीची वाट चढाची, आणि पात्रात आता ओलही राहिली नव्हती. मी मागून जोर लावत होते तरी नाव अडत होती. पुढं डॉक्टरांचे खांदे हलताना दिसत होते. आधी मला वाटलं, दम लागलाय. काकूंनाही ते दिसत होतं. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "सावकाश ओढा. मला घाई नाही."